हरणासाठी गोळी कशी निवडायची: तीस यार्ड आणि तीनशे यार्ड

(भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेले ‘म्हणजे-म्हणजे’ थोडे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

कानात हेडफोन घालून लोकलमध्ये उभे असाल, किंवा माझ्यासारखे बर्फ पडायच्या आत गाडीचे टायर बदलत असाल, तर ऐकत राहा. आजचा भाग जरा वेगळा आहे. मागे मी विस्कॉन्सिनमधल्या हिवाळ्याबद्दल बोललो होतो, तेव्हा ओघात म्हणून गेलो की नोव्हेंबरात मी हरणाच्या शिकारीला जातो. त्यावर इतके मेसेज आले की विचारू नका. निम्मे म्हणाले, ‘दादा, हे काय? लाज नाही वाटत?’ आणि निम्मे म्हणाले, ‘दादा, कुठली रायफल?’

पहिल्या निम्म्यांना आधी उत्तर देतो. भारतात शिकार हा गुन्हा आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. तो कायदा हवाच. इथलं गणित वेगळं आहे. इथे व्हाईटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण, इतकं वाढलंय की शेतकरी वैतागलेत आणि रात्री हायवेवर गाडीसमोर हरीण येणं रोजचंच झालंय. राज्य सरकार परवाने देतं, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो, नारिंगी किंवा गुलाबी भडक जाकीट घालावं लागतं, आणि १९७३ पासून पुढे जन्मलेल्याला आधी प्रशिक्षणाचा कोर्स करावा लागतो. मी तो केला. वर्गात बाकी सगळी बारा-तेरा वर्षांची पोरं आणि मागच्या बाकावर मी एकटा घोडा.

आणि हो, जे इथे एच-वन-बी किंवा स्टुडंट व्हिसावर आहेत त्यांनी एक ऐका. त्यांच्यासाठी बंदूक आणि काडतूस बाळगण्याचे केंद्रीय नियम वेगळे आहेत. शिकारीचा वैध परवाना असेल तर अपवाद आहे, पण मित्राची रायफल ‘जरा हातात घेऊन बघतो’ म्हणायच्या आधी तो नियम नीट वाचा. मी ग्रीन कार्ड येईपर्यंत हात लावला नव्हता.

आता दुसऱ्या निम्म्यांकडे. तुम्ही रायफल विचारताय. रायफल त्यामानाने सोपी. माझी .३०८ विंचेस्टर आहे, १९५२ पासूनचं काडतूस, कुठल्याही गावातल्या दुकानात मिळतं. खरा घोळ आहे तो गोळीचा. आणि त्या घोळाची किंमत मी एकदा नाही, दोनदा मोजली. खरं सांगायचं तर मी नाही मोजली, हरणाने मोजली.

आधी शब्द नीट करू. आपण मराठीत सगळ्यालाच गोळी म्हणतो. पण दुकानातून आणतो ते काडतूस: पितळेची नळी, तिच्या बुडाला टिकली, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. उडून जाते ती फक्त गोळी. तिचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. हे ग्रेन ऐकून मी सुरुवातीला गोंधळलो होतो, मग एक दिवस कळलं की आपल्या आज्जीचा जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता. ११.६६ ग्रॅम. म्हणजे १८० ग्रेनची गोळी म्हणजे शिशाचा आणि तांब्याचा एक तोळा. तेव्हापासून डब्यावर १५० वाचलं की डोक्यात आपोआप ‘तोळ्याला थोडं कमी’ येतं.

आणि अंतर यार्डात. तेही आपल्याला सोपं आहे. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची. ३५ यार्ड म्हणजे दीड खेळपट्टी. २२० यार्ड म्हणजे दहा खेळपट्ट्या एकापुढे एक. डोळ्यासमोर आणा जरा. दहा.

मी जिथे जातो तो भाग राज्याच्या नैर्ऋत्येला आहे, ड्रिफ्टलेस म्हणतात. हिमयुगातल्या हिमनद्या या पट्ट्यावरून गेल्याच नाहीत, त्यामुळे बाकीचं राज्य लाटणं फिरवल्यासारखं सपाट आणि इथे मात्र टेकड्या, घळी, ओढे. आमच्या सातारकडच्या लोकांना एकदम घरचं वाटेल. शेतमालक सत्तरी ओलांडलेले आजोबा आहेत, मी त्यांना सर म्हणायचो, ते दरवेळी हसून नावाने हाक मारायला सांगतात, माझ्याने होत नाही. त्यांच्या टेकडीवर ओकची दाट झाडी, तिथे माझं मचाण. तिथून हरीण दिसतं ते वीस-चाळीस यार्डांवर. झाडीतून खाली उतरलात की मक्याचं कापलेलं शेत, आणि तिथे हरीण संध्याकाळी पलीकडच्या बांधाला येतं, अडीचशे-तीनशे यार्डांवर. एकाच दिवशी, एकाच रायफलीने, दोन्ही. अडचण इथेच आहे.

का, ते सांगतो. शिकारीची गोळी नुसती भोक पाडायला नसते. ती आत गेल्यावर टोकाकडून उमलते, छत्रीसारखी, साधारण दुप्पट रुंद होते, आणि फुप्फुस-हृदयाच्या जागेतून आरपार जाते. मग हरीण काही सेकंदांत पडतं. ती जागा केवढी? आठेक इंच. आपली एक भाकरी. त्या भाकरीत, उमलणारी गोळी. युद्धातली पूर्ण आवरणाची गोळी उमलत नाही, म्हणूनच अनेक राज्यांत ती हरणासाठी चालत नाही.

पण उमलायला वेग लागतो. प्रत्येक गोळीची एक खिडकी असते. त्यापेक्षा जास्त वेगाने आदळली तर ती उमलत नाही, फुटते. कमी वेगाने आदळली तर उमलतच नाही, सुईसारखी निघून जाते. आणि वेग तर प्रत्येक यार्डाला कमी होतो. एका जुन्या नेहमीच्या १५० ग्रेनच्या .३०८ काडतुसाचे आकडे सांगतो: नळीच्या तोंडाशी सेकंदाला २८२० फूट, १०० यार्डांवर २५३३, २०० वर २२६३, ३०० वर २००९, ४०० वर १७७४. म्हणजे तीनशे यार्डांत आठशे फूट गेले. तीस यार्डांवरचं हरीण आणि तीनशे यार्डांवरचं हरीण यांच्यावर तुम्ही एकच गोळी झाडत नसता खरं तर.

हे मला पहिल्या वर्षी माहीत नव्हतं. मी यूट्यूब बघून गेलो होतो. लाल प्लॅस्टिकच्या टोकाची, आत मऊ शिसं, वर तांब्याचं पातळ आवरण, १५० ग्रेन. लांबवर झकास उमलते असं सगळे सांगत होते. सांगत होते ते खरंच होतं. पण माझ्यासमोर मादी आली ती दीड खेळपट्टीवर. खांद्यावर लागली, जागेवर पडली, मला वाटलं जिंकलो. सोलायला घेतली तेव्हा कळलं. गोळी खांद्याच्या हाडावर फुटली होती. पुढचा आख्खा पाय आणि बरगड्यांवरचं मांस रक्ताळून जेलीसारखं झालेलं. आजोबा काही बोलले नाहीत, त्यांनी चाकू पुसला आणि तो खांदा बाजूला टाकून दिला. चारपैकी एक पाय वाया. ज्या घरात ताटात भाताचं शीत टाकू देत नाहीत तिथे वाढलोय मी.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. मला वाटलं ओरडेल. तिने फक्त विचारलं, ‘एका फटक्यात गेलं ना रे?’ म्हटलं हो. ‘मग मसाला कुठला घातलास?’

तो मसाला घालून केलेल्या खिम्यातच पुढची गोष्ट झाली. बायकोच्या दाताखाली काहीतरी आलं. राखाडी, तांदळाच्या कणीएवढं. शिसं. आमची मुलगी तेव्हा तीन वर्षांची, तिच्याच ताटातला घास बायको चाखून बघत होती.

त्या रात्री मी बसून वाचलं. २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, त्यात रायफलीने मारलेल्या ३० हरणांचे एक्स-रे काढले होते. तीसच्या तीस हरणांत धातूचे कण निघाले, जखमेपासून बऱ्यापैकी लांब पसरलेले. कसायाकडून आणलेल्या खिम्याची पाकिटं तपासली, तर ३० पैकी २४ हरणांच्या कुठल्या ना कुठल्या पाकिटात कण होते. आणि लहान मुलाच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, हे तर डॉक्टरही सांगतात. शिवाय आपण जंगलात टाकून येतो ती आतडी गरुड खातात, त्यांनाही विषबाधा होते. कॅलिफोर्नियाने याच कारणाने, तिथल्या काँडोर गिधाडांचा विचार करून, शिकारीतलं शिसं टप्प्याटप्प्याने बंद केलं, १ जुलै २०१९ पासून पूर्ण. विस्कॉन्सिनमध्ये तशी सक्ती नाही. पण आमच्या घरात त्या रात्रीपासून आहे. उरलेला खिमा सगळा फेकला. पुन्हा फेकलंच.

मग अर्थातच तांबं. पूर्ण तांब्याची गोळी, टोकाला पोकळ. ती उमलते तेव्हा पाकळ्या होतात आणि सहसा एकही तुकडा सुटत नाही, जवळपास सगळं वजन शाबूत राहतं. महाग असते, आमच्या दुकानात जवळजवळ दुप्पट भाव. पण हंगामात तुम्ही झाडता किती? दोन? तीन? सरावाला मिळून एक-दोन डबे. असो.

इथे मी दुसरी चूक केली, आणि ही मोठी. मला वाटलं, मागच्या वेळी हलकी गोळी फुटली, तर आता जड घेऊ. दमदार पाहिजे. मी १८० ग्रेनची तांब्याची घेतली. पूर्ण तोळा. मनाला किती बरं वाटतं बघा, जड वस्तू हातात आली की.

काय चुकलं? तांबं शिशापेक्षा हलकं. तेवढंच वजन करायचं तर गोळी लांब करावी लागते. लांब गोळी काडतुसात जास्त आत बसते, दारूला जागा कमी उरते, आणि मुळात जड असल्यामुळे वेग कमी. त्यात तांबं शिशाएवढं मऊ नाही, त्याला उमलायला वेग जास्त लागतो. माझ्या गोळीला कंपनी सांगत होती किमान २००० फूट. डब्यावर तोंडाशीचा वेग लिहिलेला २६०० च्या आसपास. मी म्हटलं, झालं की, भरपूर आहे.

पण डब्यावरचा वेग मोजतात तो साधारण २४ इंची नळीतून. माझ्या रायफलीची नळी १८ इंची, मचाणावर सोयीची म्हणून घेतलेली. नळी इंचभर कमी झाली की वीस-पंचवीस फूट वेग जातो. हे मला नंतर कळलं, क्लबमधल्या एकाचं वेग मोजायचं यंत्र उसनं आणलं तेव्हा. माझी गोळी निघत होती २४५० ने.

आता ती संध्याकाळ. हंगामाचा दुसरा दिवस, उजेड जायला अर्धा तास असेल. पलीकडच्या बांधाला नर आला, आडवा उभा. रेंजफाइंडर म्हणाला २८०. पावणेतेरा खेळपट्ट्या. रायफल मी १०० यार्डांवर जुळवलेली, त्यामुळे एवढ्या लांबवर गोळी फूट-सव्वा फूट खाली येणार हे माहीत होतं, पण नक्की किती हे पाठ नव्हतं. अंदाजाने वर धरलं. झाडली. नराने पाठ वाकवली आणि धावत झाडीत गेला.

ओकच्या पानांवर रक्ताचे थेंब, तेही एकेक, हातभर अंतराने. बॅटरीच्या उजेडात लाल पानं आणि लाल रक्त सारखंच दिसतं हो. कुंपणापाशी माग शेजारच्या शेतात गेला. इथे जखमी जनावरामागेही दुसऱ्याच्या जमिनीत न विचारता जाता येत नाही. आजोबांनी शेजाऱ्याला फोन लावला, तो जेवण सोडून कंदील घेऊन आला. अकरा वाजेपर्यंत शोधलं. मग बर्फ सुरू झाला आणि माग बुजला.

तिसऱ्या दिवशी कावळे घिरट्या घालताना दिसले म्हणून आजोबा ओढ्याकडे गेले आणि मला बोलावलं. कायोटींनी बरंच खाल्लं होतं. एका बाजूच्या बरगड्या आणि कातडं शिल्लक. आत जायचं भोक कुठलं आणि बाहेर पडायचं कुठलं, ओळखता येत नव्हतं. दोन्हींत करंगळी जेमतेम गेली असती. गोळी उमललीच नव्हती. हाड लागलं नव्हतं, बरगड्यांच्या मधून गेली आणि फुप्फुसाच्या मागच्या टोकाला चाटून निघाली. नंतर आकडे मांडले तेव्हा तिथे वेग असेल १९५० च्या आसपास. कंपनीने सांगितलेल्या हद्दीच्या खाली.

सगळा दोष गोळीवर टाकणं सोपं आहे. मी वितभर पुढे मारली असती तर सुईएवढ्या भोकानेही नर लवकर गेला असता. अंदाजाने झाडली ही माझी चूक, अंधार पडताना झाडली ही माझी, वेग न मोजता झाडली हीपण माझीच. परवाना अजून शिल्लक होता, पण त्या वर्षी मी पुन्हा बंदूक काढली नाही. आईचा फोन आला, ‘यंदा काय मिळालं?’ मी म्हटलं, ‘यंदा काही दिसलं नाही.’ आई हे ऐकत असेल तर, हां... आई, दिसलं होतं.

पुढच्या हंगामाआधी मी उलट्या बाजूने विचार केला. आधी गोळी नाही, आधी अंतर. मी उभ्याने नाही, निदान पिशवीवर किंवा काठ्यांवर रायफल टेकवून, थंडीत, धाप लागलेली असताना, दर वेळी भाकरीवर मारू शकतो ते कुठवर? रेंजवर प्रामाणिकपणे बघितलं. २५०. त्यापुढे तीनातली एक बाहेर जायची. मग २५० ही हद्द. आजोबा तर आयुष्यभर .३०-३० वापरतात, १८९५ चं काडतूस, त्यांची हद्द म्हणजे गोठ्यापासून तिसरा खांब. मोजला तर १२० यार्ड निघाला. खांबापलीकडे सोन्याचं हरीण आलं तरी ते बघत बसतात.

मग प्रश्न एवढाच की २५० यार्डांवरही वेग पुरेल आणि तीस यार्डांवरही फुटणार नाही, अशी कोण? उत्तर मला आधी पटलंच नाही: हलकी तांब्याची. १३० ग्रेन. तांबं फुटत नसल्यामुळे हलकी घेतली तरी जवळून भीती नाही. पहिल्या वर्षी जी फुटली ती हलकी म्हणून नाही, मऊ शिशाची आणि पातळ आवरणाची म्हणून. माझ्या आखूड नळीतूनही ही २९६० ने निघते, मी स्वतः मोजलीय. २५० वर सुमारे २३०० उरतो. हद्दीच्या तीनशे फूट वर. आणि वेगवान असल्यामुळे गोळीचा मार्ग सपाट. रायफल २०० वर जुळवली की १०० वर दीड-पावणेदोन इंच वर लागते, २५० वर तीनेक इंच खाली. म्हणजे तीस यार्ड असो की अडीचशे, धरायचं भाकरीच्या मध्यावर. डोक्यात आकडेमोड नाही.

शिशाबद्दल ज्यांना घरात अडचण नाही त्यांच्यासाठी मधले पर्याय आहेतच. एक, आवरणाला शिसं पक्कं चिकटवलेली, बाँडेड म्हणतात, जवळून कमी फुटते आणि लांबवर तांब्यापेक्षा कमी वेगातही उमलते. दुसरी पार्टिशन. जॉन नोस्लर नावाच्या गृहस्थाची १९४६ साली कॅनडात मूसच्या शिकारीत गोळी आत नीट गेलीच नाही, म्हणून त्याने गोळीच्या पोटात तांब्याची आडवी भिंत घातली. पुढचा भाग उमलतो, मागचा भाग ढकलत राहतो. मला बरं वाटतं हे वाचून, की फजितीतून शिकणारा मी एकटाच नाही. आणि साधी सॉफ्ट पॉइंट, सगळ्यात स्वस्त. ज्यांचं हरीण दीडशे यार्डांच्या आत येतं त्यांनी उगाच माझं ऐकून पैसे घालवू नयेत. टार्गेटची मॅच गोळी मात्र घेऊ नका, ती अचूक असते पण हरणाच्या अंगात काय करेल याची तिच्या बनवणाऱ्यालाही खात्री नसते, बरेचदा डब्यावरच तसं लिहिलेलं असतं.

एक बारीक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. शिशाच्या गोळीवरून तांब्यावर जाताना नळी आतून नीट साफ करा, नाहीतर पहिल्या दहा गोळ्या कुठेही जातात आणि तुम्ही दुर्बिणीचे स्क्रू फिरवत बसता. आणि एकाच वजनाच्या दोन-तीन ब्रँडचे डबे आणून बघा. माझ्या रायफलीला एक ब्रँड अजिबात मानवला नाही, दुसऱ्याने १०० यार्डांवर तीन गोळ्या एका रुपयाच्या नाण्याएवढ्यात ठेवल्या. का, ते विचारू नका. आमच्याकडे काही म्हशी एकाच माणसाला दूध देतात, तसंच.

गेल्या हंगामात एकदाच झाडली. १९० यार्ड, मादी, बांधाच्या अलीकडे. चाळीसेक पावलं गेली आणि बसली. सोलताना हृदयाच्या वर तांब्याच्या चार पाकळ्यांनी कापलेली वाट दिसली, बाहेरचं भोक अंगठा जाईल एवढं. दोन्ही खांदे शाबूत. डोकं चाचणीला दिलं, कारण इथे २००२ पासून हरणांत सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग आहे, रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवायचं. त्यावर कधीतरी वेगळा भाग करेन. रिपोर्ट चांगला आला. मुलीने खिमा-पाव खाल्ला, दोनदा मागितला.

या शनिवारी पहाटे पुन्हा निघतोय. मचाणावर मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे रविवारपर्यंत कमेंटना उत्तर मिळणार नाही. कोणी आपल्या रायफलीचा मोजलेला वेग आणि नळीची लांबी पाठवली तर पुढच्या भागात आकडे एकत्र मांडतो. डब्यावरचे पाठवू नका, मोजलेले पाठवा. चला, थर्मास भरायचाय.